टायरमध्ये हवा किती, कधी आणि कशी बघायची: कोकणात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

वयाच्या ४२व्या वर्षी मी गाडी शिकले. कुडाळहून शाळेला जाऊन-येऊन रोज ४८ किलोमीटर होतात, शिवाय महिन्यातून एकदा आईकडे कोल्हापूरला जाणं. गाडी शिकवणाऱ्यांनी क्लच, गिअर, चढावर गाडी मागे न येऊ देणं, अरुंद पाणंदीतून रिव्हर्स घेणं, सगळं नीट शिकवलं. टायरमधल्या हवेबद्दल मात्र एवढंच सांगितलं, "पंधरा दिवसांनी हवा मारून घेत जा."

मी ती नेमाने मारून घेत होते. तरीही वर्षभराने एक पंक्चर काढायला गेले, तेव्हा पंक्चरवाल्या काकांनी चाक खोलून लाकडी फळीवर आडवं टाकलं आणि मला जवळ बोलावलं. "बाई, हात लावन बघा. दोन्ही कडो झिजल्यो, मधी तसोच आसा. हवा कमी आसताना गाडी धावता." मी तळवा फिरवला. मधल्या खाचांत बोटाचं टोक अडकत होतं. दोन्ही कडांना मात्र रबर शाळेतल्या जुन्या पाटीसारखं गुळगुळीत लागलं.

नेमाने हवा भरूनही हवा कमी का राहिली, हे मला त्या दिवशी समजलं. मी हवा बघायचे ती कोल्हापूरहून येताना. आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, मग महामार्गाने कुडाळ, आणि घरी जाण्याआधी वाटेतल्या पंपावर. तिथे हवेच्या दाबाचा काटा ३७ दाखवायचा. पंपावरचा मुलगा म्हणायचा, "जास्त झाली, काढतो," आणि ३२ वर आणून द्यायचा. रात्री टायर थंड झाले की तीच हवा २७-२८ वर यायची आणि पुढचे पंधरा दिवस मी तशीच गाडी पळवायचे. चूक त्या मुलाची नव्हती, त्याला माझी गाडी किती लांबून आली हे कसं कळणार? हे कळायला मला टायरचा एक जोड घालवावा लागला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी दोनच आहेत. बरोबर आकडा तुमच्या गाडीवरच लिहिलेला असतो. आणि तो तपासायचा सकाळी, गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या गेजने.

आधी हे जवळ ठेवा

- गाडीचं मॅन्युअल (सेकंडहँड गाडीत नसेल, तर कंपनीच्या वेबसाइटवर बहुतेक मॉडेलांचं मिळतं)
- हवा मोजायचं गेज, शक्यतो डिजिटल
- १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर. परवडत असेल तर घ्या, नसेल तर पंप आहेच
- वॉल्वच्या (चाकात हवा भरायच्या नळीच्या) प्लॅस्टिकच्या टोप्या, चार-पाच जास्तीच्या
- साबणाचं पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली
- टायर नवे घेतले असतील तर त्यांचं बिल आणि वॉरंटी कार्ड
- एक छोटी वही, डॅशबोर्डच्या खणात मावेल अशी

१. आपल्या गाडीचा आकडा शोधा

ड्रायव्हरचं दार उघडा. दार जिथे बंद होतं त्या खांबावर, पायाच्या उंचीपासून कमरेपर्यंत कुठेतरी, एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. कुठेच सापडला नाही तर मॅन्युअल बघा. स्टिकरवर टायरचा साईज, पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा, आणि बहुतेक वेळा दोन प्रकारचं वजन दाखवलेलं असतं: एक-दोन माणसं, आणि पूर्ण भरलेली गाडी.

आकडे वेगवेगळ्या मापांत असतात. पंपावर सगळे पीएसआयमध्ये, म्हणजे एका चौरस इंचावर किती पाऊंड दाब यात, बोलतात. जुने ड्रायव्हर त्यालाच पाऊंड म्हणतात, "बत्तीस पाऊंड टाक." स्टिकरवर कधी किलोपास्कल असतं, कधी बार. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय. रोज लागणारं कोष्टक असं: २०० किलोपास्कल म्हणजे २९ पीएसआय, २१० म्हणजे ३०, २२० म्हणजे ३२, २३० म्हणजे ३३, २४० म्हणजे ३५ आणि २५० म्हणजे ३६. माझ्या स्टिकरवर एरवी चारही चाकांना २२० आहे आणि भरलेल्या गाडीला मागे २५०. तुमचा आकडा वेगळा असेल, माझा उचलू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो, आणि इलेक्ट्रिक गाड्यांना बॅटरीच्या वजनामुळे बहुधा जास्त हवा लागते.

इथे नवखी माणसं हमखास फसतात. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत 'मॅक्स प्रेशर' म्हणून एक आकडा कोरलेला असतो, ४४ किंवा ५१ वगैरे. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीचं माप नव्हे. टायर बनवणाऱ्याला तो कुठल्या गाडीला लागणार हे ठाऊक नसतं. तो आकडा बघून ४४ हवा भरली तर टायर फक्त मधल्या भागानेच रस्त्याला टेकतो, गाडी खड्ड्यात आदळते, आणि पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की पकड कमी पडते. शेजाऱ्याची गाडी, दिराची गाडी, मुंबईहून आलेल्या पाहुण्याची गाडी, यांचे आकडेही बाजूला ठेवा.

टायर बदलून मोठा साईज टाकला असेल, तर स्टिकरवरचा आकडा तसाच लागू होईल याची खात्री नसते. साईज असा लिहिलेला असतो: १६५/८० आर १४. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, रेडियल टायर, १४ इंचाची रिम (टायर ज्यावर बसतो ते धातूचं चक्र). त्यापुढे ८५टी असं काहीतरी असतं. ८५ हा भार-निर्देशांक, म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो, आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. तुमचा साईज स्टिकरशी जुळत नसेल, तर टायरच्या दुकानात हा भार दाखवून विचारा. शक्य असेल तर पुढच्या वेळी मूळ साईजवर परत या.

२. स्वतःचं गेज घ्या

तीन-चारशे रुपयांत बरं डिजिटल गेज मिळतं. गाडीसाठी घेतलेल्या सगळ्या वस्तूंत त्याचा मला सर्वात जास्त उपयोग झाला, असं मी मनापासून सांगते. सीट कव्हर आणि परफ्यूम नंतर घ्या, हे आधी घ्या.

पंपावरचं मशीन दिवसभर उन्हात असतं, त्याचा पाईप गाड्यांखाली येतो, नोझल जमिनीवर आपटतं. काही मशीनं अगदी बरोबर असतात, काही नसतात. आमच्या वाटेवरच्या एका पंपावरचं मशीन खऱ्यापेक्षा ४ कमी दाखवतं. तिथे ३२ भरली की प्रत्यक्षात ३६ झालेली असते. हे मला कळलं ते दोन्ही गेज एकापाठोपाठ लावून बघितल्यावर. तुम्हीही हेच करा: नेहमीच्या पंपावर हवा भरून झाली की लगेच, तिथेच, आपल्या गेजने मोजा. फरक वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तेवढा हिशेब धरून आकडा सांगता येतो.

आणि आपलं गेज बरोबर आहे हे कशावरून? टायरच्या मोठ्या दुकानात, जिथे व्हील अलाइनमेंट करतात, तिथल्या गेजशी एकदा ताडून बघा. एक पीएसआयपर्यंतचा फरक चालतो.

३. टायर थंड असताना बघा

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर हळू चाललेली आहे. गाडी धावली की टायरच्या बाजू सतत दबतात, सुटतात, आतली हवा तापते आणि दाब ३ ते ५ पीएसआयने चढतो. हे चढणं कंपनीने आधीच धरलेलं असतं. त्यामुळे तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसला तरी हवा काढायची नाही. माझं नुकसान झालं ते नेमकं ह्यामुळेच.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. खळ्यात, म्हणजे अंगणात, उभ्या असलेल्या गाडीच्या एका बाजूला सकाळी साडेसात-आठलाच ऊन येतं. काळं रबर पटकन तापतं. एकदा मला डावीकडचे दोन टायर ३२ आणि उजवीकडचे दोन ३३-३४ दिसले. मी उजवीकडची हवा काढणारच होते, तेवढ्यात टायरला हात लावला आणि लक्षात आलं की उजवी बाजू कोमट आहे. सावली पडेपर्यंत थांबले, तर चारही सारखे. तेव्हापासून मी ऊन अंगणात उतरायच्या आधी, केर काढायच्या वेळेला हवा बघते.

घरी हवा भरणं जमतच नसेल आणि पंप लांब असेल, तर दोन वाटा आहेत. पहिली: घरी थंड टायर मोजा, कुठल्या चाकाला किती कमी आहे ते लिहा, आणि पंपावर पोचल्यावर तिथे जो आकडा दिसेल त्यात तेवढीच भर घाला. घरी २९ होती, हवी ३२, म्हणजे तीन कमी. पंपावर तीच ३२ दिसली तर ३५ करा. दुसरी, लांबच्या प्रवासात नाइलाजाने गरम टायरवर हवा भरावी लागली, तर स्टिकरच्या आकड्यापेक्षा ४ जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर बघून जुळवा. तापलेल्या टायरमध्येच आकडा स्टिकरपेक्षा कमी दिसला, तर हवा खरोखरच बरीच कमी आहे असं समजा आणि पंक्चर शोधा.

४. मोजायचं कसं

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून. वॉल्वची टोपी काढून खिशात टाका, जमिनीवर ठेवू नका, जांभ्याच्या मातीत ती हरवते आणि माती आत बसते. गेजचं तोंड वॉल्ववर सरळ आणि एका झटक्यात दाबा. फुस्स असा लांब आवाज आला तर ते तिरकं बसलं आहे. काढा, पुन्हा लावा. अर्ध्या सेकंदाचा 'फस्' चालतो. दोनदा मोजा. दोन्ही वेळा आकडा सारखा किंवा अर्ध्याने इकडेतिकडे आला की लिहून घ्या.

हाताने दाबून, लाथ मारून किंवा डोळ्यांनी बघून हवा कळत नाही. आताच्या रेडियल टायरची बाजू थोडी फुगलेली दिसतेच. २५ हवा असलेला आणि ३२ असलेला टायर शेजारी शेजारी ठेवले तरी नजरेला फरक कळत नाही.

काही गाड्यांत डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि मध्ये उद्गारचिन्ह असा दिवा असतो. तो चांगला आहे, पण बऱ्याच गाड्यांत हवा पाव हिश्श्याने कमी झाल्यावरच तो लागतो. ३२ च्या गाडीला तो २४ वर लागला, तोवर २६ वर तुम्ही महिनाभर फिरलेला असता. शिवाय काही दिवे प्रत्यक्ष हवा मोजत नाहीत, चाकं किती वेगाने फिरतात त्यावरून अंदाज बांधतात. अशा गाडीत हवा भरल्यावर सेटिंगमध्ये जाऊन रीसेट करावं लागतं.

५. हवा भरताना

पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, पेट्रोल भरा अगर नका भरू. खुशीने पाच-दहा रुपये हातावर ठेवायचे तर ठेवा.

डिजिटल मशीनवर आकडा सेट करावा लागतो आणि तो बहुधा मागच्या गाडीचा असतो. आधीची गाडी बोलेरो पिकअप असेल, तर तुमच्या छोट्या गाडीत भलतीच हवा जाईल. खाली उतरा, मशीनवरचा आकडा स्वतः बघा आणि स्पष्ट सांगा, "पुढे बत्तीस, मागे बत्तीस." गाडीत बसून काचेतून बोटं दाखवू नका.

पावसाळ्यात एक काळजी घ्या. कोकणातल्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. नोझल वॉल्वला लावण्याआधी ते जमिनीकडे धरून दोन सेकंद हवा सोडायला सांगा. हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार आले तर त्या दिवशी तिथे भरू नका. टायरच्या आत पाणी गेलं की लोखंडी रिमला आतून गंज धरतो आणि गरम झाल्यावर त्याची वाफ होऊन दाब उगाच वरखाली होतो.

घरचा छोटा कॉम्प्रेसर वापरणार असाल, तर गाडी उघड्यावर आणून इंजिन चालू ठेवा, म्हणजे बॅटरीवर ताण येत नाही. बंद पडवीत किंवा गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धूर जीवघेणा असतो. चार-पाच पीएसआय वाढवायला दोन-तीन मिनिटं लागतात. यंत्रावर सलग किती मिनिटं चालवायचं ते लिहिलेलं असतं, तेवढ्यानंतर त्याला थंड होऊ द्या. तालुक्याच्या गावापासून लांब, आचऱ्याला किंवा विजयदुर्गच्या बाजूला राहत असाल, तर तो घेऊन ठेवाच.

नायट्रोजनबद्दल सगळेच विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. भरलेला नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो, एवढाच त्याचा फायदा. मिळत असेल तर भरा. पण "नायट्रोजन आहे, त्यात साधी हवा कशी टाकू" म्हणून २६ वर गाडी चालवू नका. दोन्ही मिसळलं तरी काही बिघडत नाही.

६. गाडी भरली की हवा वाढवा

गणपतीत, मे महिन्यात, आंब्याच्या दिवसांत गाडीत किती भार जातो हे जरा डोळ्यांसमोर आणा. पाच माणसं, बॅगा, वर नारळाचं पोतं. हापूसच्या दहा पेट्या डिकीत आणि मागच्या सीटवर रचल्या की दीड-दोनशे किलो झाले. त्यातला बहुतेक भार मागच्या दोन टायरांवर येतो.

स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळी ओळ असते ती याचसाठी. माझ्या गाडीला तेव्हा मागे ३६ लागते. निघायच्या दिवशी सकाळी, सामान भरण्याआधी ती हवा करून घ्या, आणि परत आल्यावर सामान उतरवलं की थंड टायरवर पुन्हा ३२ वर आणा. परतीचं हे काम बहुतेक जण विसरतात.

सामान भरल्यावर गेज लावून "आकडा तर वाढला नाही, म्हणजे सगळं ठीक" असं समजू नका. वजन टाकल्याने आतला दाब फारसा वाढतच नाही, टायर खाली जास्त पसरतो आणि बाजू जास्त वाकतात. गेजला ते दिसत नाही, म्हणून स्टिकरचं ऐकायचं.

७. ऊन, पाऊस आणि घाट

या तिन्हींबद्दल गावागावात चुकीचे सल्ले फिरतात.

"उन्हाळ्यात हवा कमी ठेव, नाहीतर टायर फुटेल." हा सल्ला धोक्याचा आहे. टायर तापतो तो मुख्यतः बाजू वाकल्यामुळे, आणि हवा जितकी कमी तितकी बाजू जास्त वाकते. भर दुपारी महामार्गावर ताशी ऐंशीच्या वेगाने, कमी हवेच्या टायरवर, भरलेली गाडी चालवली की आतले थर तापून सुटू लागतात आणि टायर फुटतो. उन्हातही स्टिकरचाच आकडा, सकाळचा, थंड टायरचा.

"पावसात हवा कमी ठेव, पकड चांगली मिळते." हेही उलट आहे. टायरवरच्या खाचांचं काम पाणी बाजूला फेकणं. हवा कमी असली की टायरचा मधला भाग दाबून राहत नाही, खाचा मिटतात, आणि साठलेल्या पाण्यावर गाडी तरंगल्यासारखी होते. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, तोच तो क्षण. तसं झालं तर जोरात ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. मृगाच्या आधी हवेबरोबर खाचांची खोलीही बघा. खाचांच्या तळाशी अधूनमधून रबराचे आडवे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने तिथे टायर बदलावाच लागतो. आपल्या पावसात मी तितकी वाट बघत नाही, त्याच्या बऱ्याच आधी बदलते.

घाटाचं थोडं वेगळं आहे. समुद्रसपाटीवर भरलेली हवा घेऊन आंबोलीला गेलात, म्हणजे सुमारे ६९० मीटर वर, तर बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्यामुळे गेजवर आकडा साधारण एकाने वाढलेला दिसतो. वरच्या थंडीमुळे तेवढाच उतरतोही. म्हणून घाटासाठी काही वेगळं करायची गरज नाही. फक्त कोल्हापुरात मुक्काम करून पहाटे मोजलं आणि आकडा खाली दिसला तर घाबरू नका. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. आपल्याकडे मे आणि जानेवारी यांच्या पहाटेतही साधारण इतका फरक पडतो, त्यामुळे दिवाळीनंतर एकदा हवा आवर्जून बघा.

किनाऱ्यावर वाळूत गाडी न्यायची आणि त्यासाठी हवा उतरवायची, असले प्रयोग करू नका. मोठ्या जीपवाल्यांचं बघून साध्या गाड्या वाळूत रुततात, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. खारं पाणी एकदा ब्रेकमध्ये आणि बेअरिंगमध्ये गेलं की पुढे वर्षभर खर्च निघत राहतो.

८. खाऱ्या हवेत वॉल्वची काळजी

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याजवळ गाडी उभी राहत असेल, तर हे लक्षपूर्वक वाचा. शोभेच्या धातूच्या टोप्या लावू नका. खाऱ्या हवेत त्या वॉल्वच्या पितळेला अशा चिकटतात की पक्कडीने पिळताना वॉल्वच तुटतो. साधी काळी प्लॅस्टिकची टोपी उत्तम. ती धूळ आणि ओल अडवते, म्हणून चारही चाकांना हवीच.

वॉल्वच्या आत एक बारीक पिन असते, तीच हवा धरून ठेवते. टोपी काढून तिथे साबणाचं पाणी सोडा. बुडबुडा फुगत असेल तर पिन गळते आहे. ती बदलायचं काम स्वस्त आहे आणि पाच मिनिटांचं. वॉल्वचं रबर रिमजवळ वाकवून बघा, भेगा दिसल्या तर पुढच्या पंक्चरला वॉल्वही बदलून घ्या. टायर आणि रिम जिथे मिळतात तिथेही साबणाचं पाणी फिरवा, अलॉय रिमला खार खाऊन खडबडीतपणा आला की तिथून हवा मंद झिरपते.

मुंबईकरांची गाडी गावच्या घरी महिनोन्महिने उभी राहते, त्यांनाही हेच सांगणं. चांगला टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतो. शिमग्याला उभी केलेली गाडी गणपतीत काढताना आधी हवा, मग किल्ली.

९. स्टेपनी

डिकीतली स्टेपनी, म्हणजे जादा चाक, महिन्यातून एकदा तरी तपासणीत धरा. ती पूर्ण आकाराची असेल तर भरलेल्या गाडीच्या आकड्याएवढी हवा ठेवा. कमी करणं रस्त्यात सोपं असतं, वाढवणं नसतं. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावरचं वाचा, तिला बहुधा ६० पीएसआय लागते आणि ताशी ८० च्या वर ती चालवायची नसते. सेकंडहँड गाडी घेताना स्टेपनी आहे ना हे आधी बघा. २०२० पासून, हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असलेल्या गाड्यांना ती न देण्याची मुभा आहे. जॅक आणि पाना जागेवर आहेत याची खात्री करा आणि एकदा घरच्या अंगणात चाक बदलून बघा.

१०. वहीत लिहा

दर पंधरा दिवसांनी, आणि लांबच्या प्रवासाच्या दिवशी सकाळी. तारीख, चार चाकं, चार आकडे. एवढंच.

चारही चाकांचा आकडा सारखाच उतरला असेल तर ते नेहमीचं झिरपणं किंवा थंडी. एकच चाक मागे पडत असेल तर तिथे काहीतरी आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या वहीत मागचं डावं चाक ३२, ३०, २७ असं उतरत गेलं, बाकीची तीन ३२-३१ वर. टायर बघितला तर वरून काही दिसेना. साबणाचं पाणी मारत चाक हळूहळू फिरवलं, तेव्हा एका खाचेत टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा धरला. काकांनी तिथे चिमटा घातला आणि रस्त्याच्या कामातल्या तारेचा अर्ध्या नखाएवढा तुकडा बाहेर काढला. भोक रस्त्याला टेकणाऱ्या भागात होतं म्हणून तिथे दुरुस्ती झाली. टायरच्या बाजूला असतं तर मी दुरुस्ती करून घेतली नसती, टायर बदलला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन खळ्यात यायच्या आधी, पुन्हा गेज लावलं. मागचं डावं: ३२.